बीई की बीएस्सी? आधी पाच वर्षांचं बोलून घे

पत्र

ताई, यंदा बारावी झाले. सीईटीला पीसीएममध्ये ८९ पर्सेंटाइल आले. कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे पुण्याबाहेरच्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) ब्रँच मिळू शकते. दुसरीकडे पुण्यातल्याच एका जुन्या, स्वायत्त कला-विज्ञान महाविद्यालयाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मेरिट लिस्टमध्ये माझं नाव लागलंय. मला गणित मनापासून आवडतं. ड्रॉइंग आणि केमिस्ट्री अजिबात नाही. बाबांचं इथे भुसार मालाचं छोटं दुकान आहे, आम्ही ओबीसी, भाऊ दहावीत. इंजिनिअरिंगची फी ऐकून बाबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री उशिरापर्यंत हिशोबाची वही घेऊन बसले होते. म्हणून वाटतं, बीएस्सीच करावं. काका म्हणतात, बीएस्सीला कुत्रं विचारत नाही. मावसबहीण न्यू जर्सीत असते, ती म्हणते तिथे कितीतरी जण आर्ट्स अँड सायन्सच्या कॉलेजातूनच कॉम्प्युटर सायन्स करतात आणि कुणाला फरक पडत नाही. ऑप्शन फॉर्म भरायला आठवडा उरलाय. काय करू?

एक वाचक, बार्शी

उत्तर

अगं, पर्सेंटाइल, कटऑफ, काकांचं कुत्रं हे सगळं नंतर बघू. तुझ्या पत्रात माझं लक्ष अडकलं ते बाबांच्या वहीत. त्या रात्री त्या वहीत जो आकडा लिहिला गेला, तो बहुधा चुकलाय.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही सवलत निम्मी होती. अटी दोन: घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर सवलत नाही. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठंही त्यात नाहीत, आणि हे नीट बघून घे, कारण हल्ली बरीच कॉलेजं स्वतःच विद्यापीठ झाली आहेत. पाटी तीच असते, बस तीच असते, फक्त नावापुढचा शब्द बदललेला असतो आणि सवलत गेलेली असते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी हे तीन कागद आत्ता हातात आहेत का? नसतील तर उद्या सकाळी सेतूमध्ये जा, हे पत्र नंतर वाच. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा असतो आणि तो दर वर्षी करावा लागतो. कॉलेजच्या खिडकीवर कुणी ‘आधी भरा, मग परत मिळेल’ म्हणालं तर शासन निर्णयाची प्रत पुढे कर. हॉस्टेल, मेस आणि लॅपटॉप हा खर्च राहतोच.

आणि गंमत बघ. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची तुकडी बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित असते, तिची फी साध्या बीएस्सीपेक्षा बरीच जास्त असते, आणि वरचा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे. म्हणजे बाबांना वाचवायला म्हणून तू जो रस्ता धरतेयस, तोच कदाचित महाग पडेल. तिथे कुठली शिष्यवृत्ती लागू होते ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात विचार, आणि मग दोन्ही आकडे त्याच वहीत शेजारी शेजारी लिहून काढा. तू नाही, बाबांना लिहू दे.

फीचा प्रश्न असा बाजूला काढला की खरा प्रश्न दिसतो. आता मावसबहिणीकडे वळते.

ती खोटं बोलत नाहीये. तिच्याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचा विभाग आर्ट्स अँड सायन्सेसच्या शाखेत आहे. इंजिनिअरिंगच्या शाखेत आहे ते इलेक्ट्रिकल अँड कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कॉर्नेलमध्ये तर विभाग एकच, पण त्यात जायला दारं दोन: इंजिनिअरिंगचं आणि आर्ट्स अँड सायन्सेसचं. मुख्य विषय सारखेच, फरक पडतो तो त्याभोवतीच्या विषयांत. एका बाजूला फिजिक्स-केमिस्ट्री जास्त, दुसऱ्या बाजूला एखादी परकी भाषा, इतिहास वगैरे. स्टॅनफर्डचा विभाग १९६५ साली सुरू झाला तो मानव्यविद्या आणि विज्ञान शाखेत. इंजिनिअरिंगकडे तो गेला १९८५ साली, वीस वर्षांनी. आपल्याकडेही संगणक आधी आले ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे संख्याशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र करणाऱ्यांच्या घरात. तेव्हा कुणी जर म्हणालं की कॉम्प्युटर हा इंजिनिअरिंगचा विषय आणि बीएस्सीवाले उगाच घुसलेत, तर मनातल्या मनात हस.

पण बहिणीचं दुसरं वाक्य, ‘कुणाला फरक पडत नाही’, ते बार्शीला लावू नकोस. तिथे दोन्ही पदव्या चार वर्षांच्या असतात, नोकरीच्या अर्जावर दोन्ही एकाच रकान्यात बसतात. आपल्याकडे इंजिनिअरिंग एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, अखत्यारीत आणि बीएस्सी विद्यापीठ-यूजीसीच्या. एकाला ‘व्यावसायिक’ म्हणायचं, दुसऱ्याला नाही. त्यातून प्रवेश वेगळे, फी वेगळी, सवलती वेगळ्या आणि शेवटी पगाराचे रकानेही वेगळे झाले. बीसीए या कॉम्प्युटरच्याच पदवीला २०२४ पासून एआयसीटीईने आपल्याकडे घेतलं आणि त्याचीही सीईटी सुरू झाली. बीएस्सी भिंतीच्या अलीकडेच राहिलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना शिकवतात मात्र जवळपास तेच. सी, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (म्हणजे डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सीला जोडीला गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स असतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, ब्रँच कुठलीही असो, ग्राफिक्स आणि मेकॅनिक्ससारखे विषय काढावे लागतात, शीटवरच्या रेघा खोडून खोडून कागद फाटेपर्यंत. तुला गणित आवडतं म्हणून तुला ‘एम-थ्री’ची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरची, भीती नसेल, पण तुझ्या रूममेटला असेल, आणि ती तुला रात्री दोनला उठवेल.

एआय-डीएस या नावावर फार जाऊ नकोस, चांगल्या अर्थानेही नको आणि वाईट अर्थानेही नको. पाया तोच, वरून मशीन लर्निंगचे पेपर. तिथे विचारायचं ते एवढंच, की ते पेपर शिकवतं कोण.

आता रकान्याची गोष्ट सांगते, कारण काकांचं कुत्रं इथे राहतं.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत होते तेव्हा फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घ्यायचे. एकदा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलेली एक मुलगी आली, तालुक्याच्या कॉलेजातली. मी नेहमीचा प्रश्न टाकला: लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखव. तिने पेन्सिल घेतली, चार चौकोन काढले, बाण काढले, आणि कोड लिहायच्या आधी मान वर करून विचारलं, ‘मॅडम, लिस्ट रिकामीच असेल तर काय परत करायचं?’ त्या दिवशी अकरा जणांना मी तो प्रश्न विचारला होता. हे विचारणारी ती एकटीच. आम्ही तिला घेतलं. पण एचआरच्या फॉर्मवर दोन रकाने होते, ‘बीई/बीटेक/एमसीए’ आणि ‘इतर पदवीधर’. ती दुसऱ्यात गेली. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा पहिल्यात. काम तेच, क्लायंट तोच, रात्रीचा कॉल तोच, पगारात फरक. मी दोन मेल लिहिल्या, ‘पॉलिसी आहे’ असं उत्तर आलं, आणि मी गप्प बसले. हे कबूल करायला बरं वाटत नाही. तिने नोकरी सांभाळून एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी, केलं तेव्हा तिचा रकाना बदलला.

म्हणजे काका चूक, पण साफ चूक नाहीत. मोठ्या आयटी कंपन्या बीएस्सी-बीसीएच्या मुलांना घेतात, त्यांच्यासाठी वेगळ्या भरती योजनाच असतात. विप्रोची तर नोकरी करता करता एमटेक करून देणारी योजना आहे. मात्र ‘घेतात’ आणि ‘तेवढ्याच पगारावर घेतात’ यात अंतर आहे. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या आयटी ऑफिसरच्या जागेला चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी चालते किंवा कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी, नुसती तीन वर्षांची बीएस्सी सहसा पुरत नाही. एमटेक प्रवेशासाठीची गेटची परीक्षा आता विज्ञान शाखेच्या मुलांनाही देता येते, पण गेटच्या गुणांवर सरकारी कंपन्यांत मिळणाऱ्या नोकऱ्या बहुतेक इंजिनिअरांसाठीच असतात. परदेशी एमएसला जायचं तर तीन वर्षांच्या पदवीवर कितीतरी अमेरिकन विद्यापीठं अडून बसतात.

या सगळ्यावर उत्तर एकच निघतं. बीएस्सी ही तीन वर्षांची पदवी समजून घ्यायचीच नाही. ती पाच वर्षांची समजायची. तीन अधिक दोन. माझ्या वेळी एमसीए तीन वर्षांचं होतं, मी बीएस्सी गणित करून सहा वर्षं घालवली. २०२० पासून ते दोन वर्षांचं झालंय. किंवा नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष ऑनर्सचं करायचं आणि एका वर्षात मास्टर्स, तरी बेरीज पाचच. या पाच वर्षांत एक चांगली गोष्टही आहे: दुसरी संधी मिळते. ८९ पर्सेंटाइलला आज मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित कॉलेजच्या फाटकावरून आत डोकावता येतं, बस. पण व्हीजेटीआयमध्ये एमसीए आहे, त्याची सीईटी वेगळी, आणि तीन वर्षं गणित-कॉम्प्युटर मन लावून केलेली मुलगी त्या परीक्षेला आजच्यापेक्षा वेगळी बसते. एनआयटींच्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेश परीक्षा आहे, तिथे तर गणितालाच सगळ्यात जास्त वजन. गणिताची इतकी ओढ असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं नावही टिपून ठेव. त्यांची गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी यंदा तुझ्या हातून गेली, पण एमएस्सी कॉम्प्युटर सायन्सही आहे. इंजिनिअरिंगच्या मुलाला चौथ्या वर्षानंतर अशी पाटी पुसून नव्याने लिहायची गरज वाटत नाही, आणि पुष्कळदा तेच त्याला नडतं.

इथवर वाचून तुला वाटलं असेल की ताई बीएस्सी म्हणणार. थांब.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, त्या दिवाळीत आत्या आली. पिशवीत चिवड्याचा डबा आणि एक पत्रिका. आई म्हणाली, ‘अहो वन्सं, ती अजून शिकतेय.’ आत्या म्हणाली, ‘अगं, मार्चमध्ये होतेय ना पदवी? मग?’ त्या ‘मग?’ला आमच्या घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. एमसीएचं बोलणंच झालं नव्हतं, ते माझ्या एकटीच्या डोक्यात होतं. वडील दोन आठवडे काही बोलले नाहीत. मी सुटले ते वडिलांच्या एका मित्रामुळे, आणि नशीब हा काही मी तुला सुचवू शकेन असा मार्ग नाही. माझ्या वर्गात आम्ही चौदा मुली होतो. पुढे शिकायला किती गेल्या ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात. हुशारीत त्या कुणाहून कमी नव्हत्या.

इंजिनिअरिंगला मधे दार नाही. दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला ‘झाली ना पदवी’ कुणी म्हणू शकत नाही. चार वर्षं एकसलग, आणि कॅम्पसमधून नोकरी लागली तर ती निकालाच्या आधीच हातात. बीएस्सीला एकविसाव्या वर्षी एक मोठं फाटक उघडतं आणि त्यातून कोण आत येईल हे तुझ्या हातात नसतं. स्थळ येईल, भावाचं बारावी-सीईटी होऊन गेलेलं असेल आणि त्याची फी पुढे उभी असेल, एखादी बऱ्यापैकी पगाराची नोकरी येईल आणि ‘एमसीए नंतर कर’ असं सगळे म्हणतील. भावाची तारीख तूच मोजून बघ. तुझं बीएस्सी संपेल तेव्हा तो कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल, त्याला मुलींची फीमाफी नाही.

म्हणून माझा सल्ला असा. बाबांशी बीई की बीएस्सी यावर बोलू नकोस, पाच वर्षांवर बोल. ‘बाबा, मी बीएस्सीला गेले तर पाच वर्षं शिकणार, तीन नाही, मधे लग्नाचं काढायचं नाही, चालेल का?’ हे आईसमोर बोल, आणि जमलं तर काकांसमोरही, कारण उद्या ‘मग?’ विचारणारे तेच असतील. बाबा हो म्हणाले आणि तुला ते खरं वाटलं, तर बीएस्सीला जा. जुनं स्वायत्त कॉलेज, गणिताची आवड, पुणे शहराच्या मध्यात राहणं, या तीन गोष्टी एकत्र असतील तर मी स्वतःच्या मुलीलाही तेच सांगितलं असतं. बाबा अडखळले, ‘बघू’ म्हणाले, विषय बदलला, तर त्यांच्यावर रागावू नकोस, पण इंजिनिअरिंगचा फॉर्म भर. रडतखडत नको, ठरवून भर. केमिस्ट्री एका वर्षात संपते.

एक काम मात्र दोन्हीकडे करायचं. एक दिवस काढ, सकाळच्या एसटीने पुण्याला ये, आणि दोन्ही कॉलेजं आतून बघ. वर्ग भरलेले असतील अशा दिवशी दुपारी दोन-अडीचला. गेल्या वर्षी भाचीबरोबर मी अशीच एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेले होते. रिसेप्शनला काचेचं कारंजं, भिंतीवर पॅकेजचे आकडे. लॅबला कुलूप. किल्ली असलेले सर जेवायला गेले होते, ते आम्ही निघेपर्यंत आले नाहीत. बाहेर जिन्यावर सहा-सात मुलं बसून जर्नल लिहीत होती. प्रोग्रॅम हाताने उतरवत होती, आणि शेवटी ‘आउटपुट’ म्हणून चौकोन आखून त्यात पेन्सिलीने आकडे भरत होती. मी एकाला विचारलं, हा चालवून बघितलास का रे? तो हसला. हे बीएस्सीच्या कॉलेजातही दिसू शकतं, म्हणून तर म्हणते, दोन्हीकडे जा. कारंज्याकडे बघू नकोस, लॅबच्या कुलपाकडे बघ.

मग बाहेरच्या टपरीवर चहा घे आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. विचार: डीबीएमएस कोण शिकवतं आणि ते सर किती वर्षं इथे आहेत? नव्या कॉलेजांत दर सहा महिन्यांनी शिकवणारे बदलतात, हे माहितीपत्रकात नसतं. मागच्या वर्षी तुमच्या वर्गातल्या किती जणी कॅम्पस भरतीच्या ड्राइव्हला बसल्या आणि किती जणींना लागलं? सर्वात मोठं पॅकेज विचारू नकोस, ते एकाच मुलाचं असतं, आणि तो कदाचित कुठल्याही कॉलेजातून गेला असता. मुलींचं हॉस्टेल आवारात आहे की चार किलोमीटरवर, आणि लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, हेही विचार. पुण्याबाहेरच्या कॉलेजांत संध्याकाळी पाचची बस गेली की आवार सुनं होतं. तुला जे शिकायचंय त्यातलं निम्मं पाचनंतरच शिकून होतं.

कॉलेज कुठलंही निघालं आणि भूक उरली, तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी आहे, डेटा सायन्सची, २०२१ पासून. त्याला जेईई लागत नाही, चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा द्यायची. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. पहिल्या सेमिस्टरला मात्र हे डोक्यात घेऊ नकोस, आधी मेसचं जेवण पचू दे. बीएस्सीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं असं कुणीतरी सांगेल. जाता येतं. तीन आणि तीन सहा वर्षं होतात, त्यापेक्षा एमसीए बरं.

ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या पसंतीला तेच कॉलेज टाक जिथे खरंच जायचंय, कारण पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते. आणि दाखल्याची, म्हणजे एलसीची, मूळ प्रत कुठल्याच कॉलेजात घाईने देऊन बसू नकोस. आधी सात-आठ सत्यप्रती काढून ठेव.

बाबांशी बोलायला दुकान बंद झाल्यानंतरची वेळ निवडू नकोस, तेव्हा ते गल्ल्याच्या हिशोबात असतात. सकाळी दुकान उघडायच्या आधी, पहिल्या चहाला बोल. ते काय म्हणाले ते मला कळव.